ओव्हन नसताना नाताळसाठी चॉकलेटमध्ये बुडवलेला खाऊ घरी कसा करायचा? मुंबईत चॉकलेट बिघडतं ते का?

तुम्ही लिहिलंय की घरात ओव्हन नाही, ओटा लहान आहे, मुलांना नाताळच्या सुट्टीत चॉकलेटचे गोळे हवेत. गेल्या वर्षी दोनदा करून पाहिलं, तर एकदा चॉकलेट वितळता वितळता घट्ट, रवाळ ढेकूळ झालं आणि दुसऱ्यांदा फ्रिजमधून काढल्यावर गोळे घामेजून चिकट झाले.

ओव्हनची चिंता सोडा, या खाऊला तो लागतच नाही. तुमचं दोन्ही वेळा बिघडलं ते पाण्यामुळे. मुंबईत चॉकलेट करायचं तर सगळ्यात आधी पाण्याचा बंदोबस्त करायचा. कृती सोपी आहे, पण ओल सांभाळली नाही तर कुठलीही कृती हात देत नाही. म्हणून आधी तेच सांगते.

मी गिरगावातल्या वाडीत वाढले. नाताळला समोरच्या काकूंकडून ताट यायचं: कलकल, मिल्क क्रीम, पेरूचं चीज (म्हणजे पेरूच्या गराची वडी). आमच्याकडून त्यांना दिवाळीचा फराळ गेलेला असायचा. लग्नानंतर उपनगरात आले, तेव्हा नाताळला त्यांच्याकडे आपलंही काही न्यावं असं फार वाटायचं आणि ओव्हन माझ्याकडेही नव्हता. तेव्हापासून दर डिसेंबरला मी हे गोळे करते. पहिल्याच वर्षी अर्ध्या किलोची चॉकलेटची लादी डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या भांड्यात, वितळवली. सुंदर, रेशमासारखी वितळली. मग भांडं उचलून ओट्यावर तिरपं केलं आणि भांड्याच्या बुडाशी जमलेल्या वाफेचं पाणी कडेवरून आत ओघळलं. चमचाभरही नसेल. दोन-तीनदा ढवळेपर्यंत त्याचा मळलेल्या कणकेसारखा गोळा झाला, चकाकी गेली, आणि ते पुन्हा गरम केल्यावर आणखीच घट्ट झालं.

असं का होतं ते एकदा कळलं की हात आपोआप जपून चालतो. वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे बारीक कण स्निग्धांशात सुटे असतात. थोडंसं पाणी पडलं की साखर ओली होऊन कण एकमेकांना धरतात आणि सगळं आखडतं. गंमत म्हणजे थोडं पाणी चॉकलेट बिघडवतं, पण भरपूर द्रव घातला तर ते पुन्हा सैल होतं. तुमचं ढेकूळ झालं असेल तर फेकू नका. गरम दूध किंवा साय चमचा-चमचा घालून ढवळत राहा, छान सॉस होतो. गोळे बुडवायला मात्र तो उपयोगाचा नाही.

त्यामुळे मी आता मायक्रोवेव्हमध्येच वितळवते. चॉकलेट सुरीने बारीक चिरायचं, काचेच्या कोरड्या वाडग्यात घालायचं, अर्ध्या पॉवरवर ३० सेकंद फिरवायचं, काढून ढवळायचं, पुन्हा ३० सेकंद. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते ढवळताना आतल्या उष्णतेने विरघळतात. मायक्रोवेव्ह नसेल तर पातेल्यात दोन बोटं पाणी उकळा, गॅस बंद करा आणि मग वर भांडं ठेवा. भांडं पातेल्यापेक्षा रुंद हवं, म्हणजे वाफ कडेने वर येऊन चॉकलेटमध्ये शिरत नाही, आणि त्याचा तळ पाण्याला लागता कामा नये. उचलल्याबरोबर बूड कोरड्या फडक्याने पुसा. लाकडी चमचा वापरू नका, धुतल्यावर लाकूड आत पाणी धरून ठेवतं. वर झाकणही नको. पांढरं चॉकलेट लवकर करपतं, ते आणखी सावकाश.

आता चॉकलेट कुठलं घ्यायचं? क्रॉफर्ड मार्केटमध्ये चॉकलेटच्या लाद्या, साचे, चंदेरी कागद, डबे सगळं एकाच फेरीत मिळतं. उपनगरांत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांतही मिळतं. तिथे सहसा जे देतात ते कंपाउंड. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे ते नुसतं वितळवून बुडवलं तरी नीट आळतं. अस्सल चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. त्याची चव कितीतरी वरची, पण ते नुसतं वितळवून चालत नाही, टेंपर करावं लागतं. म्हणजे डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवायचं, मग त्यात बाजूला ठेवलेला एक तृतीयांश न वितळलेला चुरा घालून ढवळत ३१-३२ अंशांवर आणायचं. असं केलं नाही तर ते मऊ राहतं आणि दोन दिवसांत त्यावर करडे-पांढरे पट्टे उठतात. पट्टे म्हणजे बुरशी नव्हे, वर आलेला स्निग्धांश असतो.

डिसेंबरातही मुंबईत दुपारी पारा ३०-३२ ला जातो. त्या हवेत टेंपर केलेलं चॉकलेट आळतच नाही, एसी लावलेली खोली लागते. म्हणून मुलांबरोबर पहिल्यांदा करताना कंपाउंडच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त डार्क घ्या, कारण आतला गोळा गोड असतो. वेष्टनावरचे घटक वाचून घ्या, आणि हे सणाचं खाणं आहे, रोज मुलांच्या डब्यात द्यायचं नाही, एवढं लक्षात असू द्या.

गोळ्यासाठी साधी ग्लुकोजची बिस्किटं २०० ग्रॅम घ्या. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवून बारीक भुगा करा. त्यात दोन मोठे चमचे कोको, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा वितळलेलं लोणी घालून कालवा. मग कंडेन्स्ड मिल्क एकदम ओतू नका, साधारण १२० ग्रॅम लागतं, पण थोडं थोडं घालत जा. मूठ वळली की ती टिकली पाहिजे आणि हाताला चिकटता कामा नये, बेसनाचे लाडू वळताना पाहतो तसंच. मोठ्या सुपारीएवढे २०-२५ गोळे होतात. नारिंगी मिळाली तर सालीचा वरचा केशरी भाग किसून यात घाला, पांढरा भाग नको, तो कडू. नारिंगीचा रस अजिबात नको.

मोठ्या माणसांसाठी मी खजुराचे करते. मऊ बिनबियांचा खजूर चिरून चमचाभर तुपावर परतायचा, त्यात भाजलेले बदाम-अक्रोड आणि थोडे भाजलेले तीळ. साखर नाही. वरचं डार्क चॉकलेट आणि आतला खजूर यांची जोडी मला सगळ्यात आवडते. खोबऱ्याचे करायचे तर पाकिटातलं कोरडं बारीक खोबरं घ्या. ओला नारळ आपल्या वडीसाठी ठीक, इथे त्यातलं पाणी कवचाखाली अडकतं आणि गोळा आंबतो.

गोळे फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवा, फ्रीजरमध्ये नको. फार गार गोळा गरम चॉकलेटमध्ये गेला की कवच जाड बसतं, आणि नंतर आतला गोळा खोलीच्या उष्णतेने फुगतो तेव्हा त्याला चिरा पडतात. शिवाय गार गोळ्यावर हवेतली ओल चटकन बसते. म्हणून सगळे एकदम ओट्यावर काढू नका, पाच-सहाच काढा, बाकीचे आतच राहू द्या.

बुडवायला २५० ग्रॅम चॉकलेट पुरतं. उंच, अरुंद वाडगा घ्या, पसरट भांड्यात ते पुरत नाही. घट्ट वाटलं तर चमचाभर वास नसलेलं, खाण्याचं खोबरेल तेल घाला. दूध किंवा पाणी नाही, आणि तेलही जास्त नको, नाहीतर कवच बोटांना लागायला लागतं. गोळा काट्यावर ठेवून बुडवा आणि उचला. काट्याची मूठ वाडग्याच्या कडेवर हलकेच चार-पाच वेळा आपटा. जास्तीचं चॉकलेट दांत्यांमधून धारेने गळतं, मग धार तुटून थेंब होतात. थेंब मंदावले की काट्याचं बूड कडेवर एकदा पुसा आणि टूथपिकने गोळा बटर पेपरवर सरकवा. हे पुसणं चुकवलं तर गोळ्याभोवती चॉकलेटचं थारोळं आळतं. वर काही लावायचं तर एका मिनिटाच्या आत, आळल्यावर काही चिकटत नाही. माझी मुलगी लहान असताना हे काम तिचं असायचं. मी बुडवून ठेवायची आणि ती मागोमाग रंगीत बडीशेप पेरायची. किराणा दुकानात मिळते तीच, पांढरी-हिरवी-गुलाबी, नाताळला शोभते. मार्शमॅलो बुडवणार असाल आणि घर शाकाहारी असेल तर पाकिटावरचा हिरवा ठिपका बघून घ्या, साध्या मार्शमॅलोत जिलेटिन असतं.

आता तुमचे घामेजलेले गोळे. फ्रिजमधल्या गार गोळ्याला बाहेरची दमट हवा लागली की बाटलीवर येतं तसं पाणी त्यावर येतं. ते पाणी वरची साखर विरघळवतं, मग सुकतं आणि खरखरीत पांढरा थर राहतो. उपाय अगदी साधा आहे. गोळे पूर्ण आळल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा अर्धा तास उघडू नका. पाणी डब्याच्या बाहेरून जमेल, आतले गोळे कोरडे राहतील. पाहुणे आले म्हणून घाईने झाकण उघडलं की सगळं गेलं. मी डब्यावर चिठ्ठी लावते, ‘उघडू नका’ आणि खाली वेळ. असे बिस्किटाचे गोळे आठवडाभर छान राहतात. कुणाकडे लोकलने न्यायचे असतील तर सकाळच्या गाडीने न्या, डबा कापडात गुंडाळून.

हे सगळं सकाळी लवकर करा. आदल्या रात्री गोळे वळून ठेवा आणि सकाळी नऊच्या आत बुडवून मोकळे व्हा. तेव्हा हवा गार असते. बुडवताना शेजारच्या शेगडीवर भात, चहा, काहीही नको, लहान स्वयंपाकघरात त्याची वाफ पुरते. पंखा चालेल.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी डिसेंबरात बाजारात असते आणि मुलं ती मागणारच. धुऊन टिपून घ्या, फडक्यावर तासभर सुकू द्या, देठाला धरून बुडवा आणि त्याच संध्याकाळी संपवा. दुसऱ्या दिवशी तिला पाणी सुटतं आणि कवच निसटतं. मला यापेक्षा चिक्की बुडवायला आवडते. गुळाची चिक्की मुंबईच्या हवेत चिकट होते, चॉकलेटचं कवच बसलं की तिला ओल लागत नाही. संक्रांतीला तिळाची चिक्की मी अशीच करते, फक्त अर्धी बुडवून, म्हणजे तीळ दिसतात.

वाडग्यात शेवटी चार-पाच चमचे चॉकलेट उरतंच. त्यात कॉर्नफ्लेक्स आणि भाजलेले शेंगदाणे कालवून चमच्याने बटर पेपरवर ढीग घाला. त्याचं कुरकुरीत, ओबडधोबड चॉकलेट होतं आणि मुलं आधी तेच संपवतात.