वाचक विचारतात : कानाचे दडे, कमरेची वजनं

प्रश्न : तारकर्लीला स्कूबा केलं तेव्हा तीन मीटरवरच कान ठणकायला लागले. फेब्रुवारीत अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला, प्राथमिक) कोर्स करायचाय. जमेल का? (कोल्हापूर)

उत्तर : जमेल, पण कान दुखायची वाट बघायची नाही. पहिले दहा मीटर सगळ्यांत अवघड. तेवढ्यात दाब दुप्पट होतो; पुढच्या दहांत जेमतेम दीडपट. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. म्हणून डोकं पाण्याखाली जाताच रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं साधन) तोंडात ठेवून नाक चिमटीत धरायचं आणि नाकातून हलकेच हवा ढकलायची, कानात ‘टक्’ होईपर्यंत. मग दर अर्ध्या मीटरला पुन्हा. दुखू लागलं म्हणजे उशीर झालाच: घशातून कानाकडे जाणारी नळी तोवर मिटलेली असते आणि जोर केला तर आतला कान दुखावू शकतो. अशा वेळी मीटरभर वर या, हनुवटी उचला, आवंढा गिळा, मग परत प्रयत्न. दोरी धरून, पाय खाली ठेवून उतरलात तर दडे लवकर सुटतात. सर्दी असेल त्या दिवशी बोटीवरच बसा. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन तर मुळीच उतरू नका. पाण्यातच तिचा परिणाम ओसरला, तर वर येताना हवा सायनसमध्ये कोंडते.

प्रश्न : सोबतच्यांची टाकी अर्धी असते तेव्हा माझी संपत आलेली असते. श्वास कमी घेऊ का? (ठाणे)

उत्तर : नाही! श्वास रोखून वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. आधी हिशोब बघा. 11 लिटरच्या टाकीत 200 बारला (बार म्हणजे दाबाचं एकक) 2200 लिटर हवा. 50 बार राखीव ठेवले की हाताशी 1650. पाण्याबाहेर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर दहा मीटरवर, दाब दुप्पट म्हणून, 40 लागते, म्हणजे 41 मिनिटं. वीस मीटरवर 60, म्हणजे 27च. हॅवलॉकजवळच्या डिक्सन्स पिनॅकल या पाण्याखालच्या सुळक्यांची टोकंच साधारण 16-18 मीटरवर आहेत, तिथे नवख्याची हवा भराभर जाणारच. तिथल्याच उथळ नीमो रीफवर तीच टाकी बराच वेळ पुरते.

पण खरा चोर बहुतेक वेळा कमरेला असतो. बुडायला कमरेला बांधलेलं शिशाचं वजन जास्त झालं की ते तोलायला अंगातल्या फुगवायच्या जॅकेटात हवा भरावी लागते, छाती वर नि पाय खाली असं अंग तिरकं होतं आणि तुम्ही सतत फिन (पायातले पोहायचे पंख) मारत राहता. तेच फिन शिंगासारख्या फांद्यांच्या प्रवाळावर आपटतात. ती फांदी वर्षाला काही सेंटिमीटरच वाढते. डाइव्हच्या शेवटी, टाकीत 50 बार असताना, पाच मीटरवर जॅकेट पूर्ण रिकामं करा. नेहमीच्या श्वासावर जागच्या जागी तरंगलात तर वजन बरोबर. बुडत असाल तर पुढच्या वेळी एक किलो काढा. मात्र सुरुवातीला दोनेक किलो जड वाटणारच, वापरायच्या हवेचं तेवढं वजन असतं.

प्रश्न : शेवटच्या डाइव्हनंतर विमान कधी? (पुणे)

उत्तर : विमानात हवेचा दाब कमी होतो आणि अंगात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून थांबायचं. एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक असतील तर 18. आम्ही तर पूर्ण दिवस सोडा म्हणू. पोर्ट ब्लेअरची फेरी समुद्रावरूनच जाते, तिला हरकत नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही बॅगेत घालू नका, तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

प्रश्न : टायटन ट्रिगरफिश (प्रवाळात राहणारा मोठा मासा) अंगावर आला तर? (नाशिक)

उत्तर : तो वाळूतल्या अंड्यांची राखण करत असतो. त्याची हद्द उभ्या शंकूसारखी, वर रुंद होत जाणारी. वर पळालात तर हद्दीतच राहता. तोंड त्याच्याकडे, फिन मध्ये धरून आडवे बाजूला सरका.