जुन्या रायफली आणि टेबलामागचे तुसडे विक्रेते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओहायोतील एका गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, तुम्ही अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील एन्फिल्ड या ब्रिटिश रायफलची किंमत विचारली, तेव्हा विक्रेत्याने ‘चिठ्ठीवर लिहिली आहे’ एवढेच म्हणून पाठ फिरवली. पुढच्या टेबलावर तुम्ही रायफल उचलताच दुसऱ्याने ती तुमच्या हातातून काढून घेतली. हे आपल्या वर्णामुळे घडले का आणि या छंदात पुढे जावे का, असे तुम्ही विचारता. पुढे जरूर जावे. मात्र या दोन विक्रेत्यांना एकाच मापाने मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रायफल काढून घेणाऱ्याची बाजू आधी मांडतो. अमेरिकेतील तुल्सा शहराच्या प्रदर्शनासारख्या ठिकाणी 4000 हून अधिक टेबले लागतात आणि दिवसभर असंख्य लोक येता-जाता वस्तू हाताळत असतात. घामातील क्षारांनी नळीवर बोटांचे ठसे गंजतात, पट्ट्याच्या बक्कलाने दस्त्यावर ओरखडा उठतो, आणि कोणी हौसेने चाप ओढून घोडा रिकामाच आपटला, तर बार पेटवणारी टोपी ज्यावर बसवतात ते निपल चेपते. दीडशे वर्षे टिकलेला मूळ रंग एकदा गेला की परत येत नाही आणि किंमतही त्याच्याबरोबर उतरते. म्हणून आधी परवानगी मागावी, रायफल दोन्ही हातांनी लाकडाला धरूनच उचलावी, नळीचे तोंड वर ठेवावे आणि घोड्याला न विचारता हात लावू नये. मग ठासणीचा गज नळीत सोडून दाखवण्याची विनंती करावी. गज तळापर्यंत जात नसेल, तर आत जुना बार अडकलेला असू शकतो. अशा भरलेल्या बंदुका आजही सापडतात. ही विनंती ऐकली की समोरच्या माणसाला तुमची पारख कळते, आणि बहुतेक वेळा त्याचा आवाज तिथेच बदलतो.

किंमत हा पहिला प्रश्न कधीच नसावा. 1861 च्या नमुन्याची स्प्रिंगफिल्ड ही अमेरिकन रायफल समोर असेल, तर लॉकप्लेटवरील (घोड्याजवळच्या लोखंडी पट्टीवरील) गरुड आणि साल पाहावे, नळीवरील साल त्याच्याशी जुळते का ते विचारावे आणि दस्त्याच्या डाव्या बाजूला तपासनिसांचे शिक्के शिल्लक आहेत का ते पाहावे. दस्ता कोणी घासून चकचकीत केला असेल, तर ते शिक्के पुसट झालेले किंवा पार गेलेले असतात. 1853 च्या नमुन्याच्या एन्फिल्डला 39 इंची नळी, तीन कड्या आणि .577 चा व्यास असतो. इथे आपल्याला भारतीयांना एक गोष्ट अधिक ठाऊक असायला हवी. ज्या रायफलीच्या काडतुसांवरून 1857 मध्ये असंतोष पेटला ती हीच, आणि त्या उठावानंतर हिंदी शिपायांना तिच्याच धर्तीची, पण आत खाचा नसलेली, .656 व्यासाची गुळगुळीत नळीची बंदूक देण्यात आली. ती दुरून अगदी एन्फिल्डसारखीच दिसते. नळीच्या तोंडात दिवा धरला की फरक लगेच कळतो.

काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातील मोठा साठा 2003 मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, तेव्हापासून नेपाळी सैन्याच्या बंदुकाही या टेबलांवर दिसतात. त्यांतील अनेकींवर देवनागरी खुणा आहेत. एका अत्यंत तुटक बोलणाऱ्या वृद्ध विक्रेत्याकडे अशी एक मार्टिनी जातीची रायफल होती, आणि तिच्या पितळी पट्टीवरचे आकडे मी सहज मोठ्याने वाचले. त्याने ते कागदावर उतरवून घेतले, मला बसायला खुर्ची दिली आणि टेबलाखालच्या पेटीतील आणखी बंदुका एकेक करून बाहेर काढल्या. आपल्याकडे त्या व्यापाऱ्याला उपयोगी पडणारे काही ज्ञान आहे, हे विसरू नये.

आता पाठ फिरवणाऱ्याविषयी. शनिवारी सकाळच्या गर्दीत नुसते भाव विचारून जाणारे शेकडो असतात आणि टेबलाचे भाडे तर डोक्यावर असतेच, हे मी मान्य करतो. त्यामुळे त्याच माणसाकडे रविवारी दुपारी, आवराआवरीपूर्वी, पुन्हा एकदा जावे. पण तेव्हाही तो गज सोडू देत नसेल, दिवा लावू देत नसेल आणि शिक्क्यांविषयी विचारताच चिडत असेल, तर ती रायफल घेऊ नये. अफगाणिस्तानातील बाजारांत बनलेल्या नकला अमेरिकन सैनिकांबरोबर मोठ्या संख्येने इकडे आल्या आहेत. त्यांवरचा ब्रिटिश मुकुटाचा शिक्का बेढब असतो आणि कोरलेली अक्षरे वेडीवाकडी, कधी उलटीही असतात. खरा माल असलेला विक्रेता अशा तपासणीला सहसा घाबरत नाही.

वर्णाचा प्रश्न मी टाळणार नाही. काही ठिकाणी तसे घडते. थोडे बाजूला उभे राहून तो इतर गिऱ्हाइकांशी कसा वागतो ते पाहावे. सगळ्यांशीच तो फटकून वागत असेल, तर तो त्याचा स्वभाव आहे. वागणूक फक्त तुमच्याशीच वेगळी असेल, तर तो अपमान सोसण्याचे काहीही कारण नाही: आयोजकांना टेबलाचा क्रमांक सांगावा आणि पैसे दुसऱ्या टेबलावर खर्च करावेत.

नागरिकत्वाविषयी विचारणे मात्र बहुतेक वेळा कायद्यापोटी असते. एच-1बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना आधुनिक बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास, काही अपवाद सोडल्यास, संघीय कायद्याने मनाई आहे, आणि परवानाधारक विक्रेत्याचा परवानाच पणाला लागलेला असतो. 1968 च्या कायद्यानुसार 1898 मध्ये किंवा त्यापूर्वी तयार झालेली बंदूक पुरातन ठरते आणि त्या कायद्यातील ‘बंदूक’ या व्याख्येतून वगळली जाते; तरीही राज्यांचे नियम वेगळे असल्याने आपल्या राज्याचा कायदा वकिलाकडून आधी तपासून घ्यावा. इथे नमुन्याचे साल पाहून भागत नाही, ती विशिष्ट बंदूक कधी घडली ते पाहावे लागते. अमेरिकन सैन्याच्या क्रॅग रायफली 1894 ते 1904 या काळात बनल्या, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन सारख्याच रायफलींपैकी एक पुरातन आणि दुसरी आधुनिक असू शकते, आणि ते अनुक्रमांकावरूनच ठरते. पावतीवर अनुक्रमांक, असल्यास, आणि निर्मितीचे साल विक्रेत्याच्या सहीसह लिहून घ्यावे. पुढे ती भारतात नेण्याचा विचार असेल, तर 1959 च्या शस्त्र कायद्याची आणि सीमाशुल्काची चौकशी खरेदीपूर्वीच करावी.