बारावीनंतर १०८च्या गाडीवर?

ताई, नमस्कार.

गोव्यातल्या साखळीहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा बारावी विज्ञान झाला, नीटमध्ये गुण कमी पडले आणि आता म्हणतो १०८ रुग्णवाहिकेवर ईएमटी, म्हणजे आपत्कालीन उपचार करणारा तंत्रज्ञ, व्हायचं. त्याच्या बाबांचा प्रश्न, 'गाडीवर जायला विज्ञान कशाला शिकवलं?' आणि तुम्हाला कळेना की हे करिअर आहे की चार दिवसांचं वेड.

करिअर आहे. फक्त त्याला यातलं नेमकं काय आवडलंय, ते विचारा. वेग आवडला असेल, तर तो पायलटचा प्रांत; १०८वर चालकाला पायलटच म्हणतात. मागे रुग्णापाशी बसणाऱ्या ईएमटीचं निम्मं काम क्रम पाळणं आणि नोंदी ठेवणं हेच.

ड्यूटी सुरू होते ती गाडी तपासण्यापासून. ऑक्सिजन सिलिंडरचा दाब, घशातला स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन, हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या डीफिब्रिलेटरची बॅटरी, बाळंतपणाचा संच, औषधांवरच्या तारखा. रोज तेच. ज्याला याचा कंटाळा येतो, त्याने या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॉल आला की वाटेतूनच फोन करणाऱ्याशी बोलायचं. सत्तरी तालुक्यात पत्ता म्हणजे 'देवळाकडून वळा, पुढे वड लागेल', त्यामुळे खुणा विचारून घ्याव्याच लागतात. सोबत, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का? नसेल तर गाडी पोचेपर्यंत छाती कशी दाबायची ते तिथल्या माणसाला सांगत राहायचं: मिनिटाला १०० ते १२० वेळा.

पोचल्यावर मात्र धावत सुटायचं नाही, हे लोकांना पटत नाही. पावसात झाडासोबत विजेची तार खाली आलेली असते, महामार्गावर मागून ट्रक येत असतात. आधी जागा सुरक्षित आहे का ते बघायचं, हातमोजे चढवायचे, मग रुग्ण. जखमी बरेच असले तर त्याहून अवघड. जो मोठ्याने ओरडतोय त्याचा श्वास निदान चालू आहे. जो गप्प पडलाय त्याला आधी बघायचं. लाल, पिवळा, हिरवा, काळा अशी जखमींची गांभीर्यानुसार वर्गवारी करून होईपर्यंत एकावरच उपचार करत बसायचं नाही. भोवतीचे नातेवाईक तेवढ्यात शिव्या घालतात, हात ओढतात. तुमचा मुलगा अशा वेळी गोंधळतो की थंड राहतो, हे तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

मनाने औषध द्यायचं नसतं. ठरलेल्या नियमांपलीकडे काही करायचं तर फोनवरच्या डॉक्टरांना विचारायचं. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी लवकर निघणं किती मोलाचं, हे हृदयविकाराच्या झटक्यासाठी २०१८ला सुरू झालेल्या 'स्टेमी गोवा' योजनेमुळे आपल्याकडे बऱ्याच घरांना कळलंय. त्यात तालुक्याच्या केंद्रातला ईसीजी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या हृदयरोगतज्ज्ञांपर्यंत जातो. हॉस्पिटलात रुग्ण सोपवताना काय दिलं, किती वाजता दिलं, रक्तदाब किती होता, हे सगळं कागदावर हवं. वापरलेल्या सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. गाडी पुसून, सामान भरून झाल्याशिवाय 'मोकळे आहोत' असं कळवायचं नाही.

आता शिक्षण. तीन महिन्यांत पॅरामेडिक करून देतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. २०२१च्या राष्ट्रीय कायद्यानुसार अलाइड हेल्थ प्रोफेशनलचा, म्हणजे उपचारात डॉक्टरांना साथ देणाऱ्या तंत्रज्ञाचा, डिप्लोमा किंवा पदवी किमान २००० तासांची असावी लागते. इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजीची बीएस्सी मला अधिक पसंत आहे, कारण पुढे कॅज्युअल्टी, आयसीयू, ट्रॉमा अशा जागाही खुल्या राहतात. गाडीवरच आयुष्यभर काम करावं असं नाही. रात्रपाळी आणि स्ट्रेचर उचलून धरणारी पाठ पन्नाशीत बोलायला लागते. शिवाय गोव्यात १०८ सुरू झाली २००८ला, पण ती चालवते संस्था; सरकारी कायम नोकरीच्या आशेवर त्याने येऊ नये.

प्रवेशाआधी त्याला प्रथमोपचाराचा एखादा कोर्स करू द्या. मग बाबांना घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा आणि १०८ची गाडी रिकामी उभी दिसली, तर ईएमटीला विचारा की काल रात्री किती कागद भरले. मुलाचे प्रश्न त्यानंतर काय येतात, ते मला कळवा.