वाचकांचे प्रश्न : झाडीतला डिस्क गोल्फ

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून सध्या कॅलिफोर्नियातील पासाडेना येथे मुलीकडे राहतो. जवळच्या हाहामोंग्ना उद्यानात ओकच्या झाडीत डिस्क गोल्फचे, म्हणजे चकती हाताने फेकत कमीत कमी फेकींत बास्केट नावाच्या टोपलीत पाडण्याच्या खेळाचे, 18 टप्पे आहेत आणि नातवाबरोबर मी तेथे दोन महिन्यांपासून जात आहे. जावईबापूंनी दुकानातून सर्वांत लांब जाणारी चकती आणून दिली. परंतु ती पहिल्या किंवा दुसऱ्या झाडावर तरी आपटते, नाहीतर मोकळी वाट मिळूनही डावीकडे वळून झुडपात शिरते. नातवाची हलकी चकती मात्र माझ्या पुढे जाऊन पडते. दोष माझ्या हाताचा आहे, वयाचा आहे की चकतीचा?

उत्तर : दोष मुख्यतः चकतीचा आहे, थोडा हाताचा आहे आणि वयाचा जवळजवळ नाहीच. आपण ज्या झाडीत खेळता ती या खेळाच्या इतिहासातली मानाची जागा आहे, म्हणून आधी दोन शब्द तिच्याविषयी. व्हॅम-ओ या फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक यांनी 1975 साली याच ठिकाणी, तेव्हाच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये, डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान उभे केले. नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी अगदी शेजारी असल्यामुळे मंगळावर यान उतरवणारे लोक जेवणाच्या सुट्टीत तेथे चकत्या फेकताना दिसले, तर आश्चर्य वाटू नये. आजच्या स्पर्धांसाठी आखलेल्या मैदानांच्या मानाने हे मैदान आखूड आहे, आणि आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या आखूडपणातच आहे.

लांब जाण्यासाठी बनवलेल्या चकतीला या खेळात ड्रायव्हर म्हणतात. तिची कड रुंद आणि धारदार असते व ती हवा कापत जाते, मात्र तसे जाण्यासाठी तिला मुळातच फार वेग द्यावा लागतो. आता ती डावीकडे का वळते ते पाहू. उजव्या हाताने, हात छातीसमोरून आडवा ओढून फेकलेली चकती वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग भरपूर असेपर्यंत हवेची उचल चकतीच्या मध्याच्या किंचित मागे लागते; वेग मंदावून चकती खाली येऊ लागली की ती मध्याच्या पुढे सरकते आणि पुढची कड वर उचलू पाहते. परंतु जोरात फिरणारी वस्तू ज्या बाजूने रेटावी त्या बाजूला कलत नाही, ती त्याच्या काटकोनात कलते. भोवरा तिरका झाल्यावरही पडण्याऐवजी डोके घुमवीत राहतो, त्यामागचे कारणही हेच. म्हणून पुढून उचलली गेलेली चकती मागे न पडता डावीकडे झुकते आणि तिकडेच उतरते. प्रत्येक चकती उड्डाणाच्या शेवटी थोडीबहुत असे करतेच. ड्रायव्हरला मात्र तिच्या लायकीचा वेग मिळाला नाही, तर हातातून सुटल्यापासूनच तिचा शेवट सुरू होतो. आपल्या बाबतीत नेमके हेच घडत आहे.

चकतीवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. पहिला आकडा तिला लागणारा वेग सांगतो, दुसरा हवेत तरंगत राहण्याची क्षमता, तिसरा सुरुवातीला उजवीकडे झुकण्याचा कल आणि चौथा शेवटी डावीकडे वळण्याचा. नवशिक्याने पहिला आकडा पाहावा आणि तो 5 च्या वर असेल तर ती चकती निदान वर्षभर कपाटात ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी पहिला आकडा 2 किंवा 3 असलेली एक पटर (जवळून बास्केटमध्ये टाकण्याची चकती) आणि 4 किंवा 5 असलेली एक मिडरेंज (मधल्या अंतराची), एवढ्या दोन चकत्या आपल्या मैदानाला पुरतात. त्यांच्या कडा बोथट असल्यामुळे त्या झाडावर आपटल्या तरी फार दूर उसळत नाहीत, हा झाडीतला मोठाच फायदा आहे. नातवाची चकती पुढे जाते, ती बहुधा याच जातीची असावी. तिचे वजन कमी असल्यानेही कमी ताकदीत ती नीट उडते. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही असे नाही, कारण मीही पहिले वर्ष झाडीतून ड्रायव्हर शोधण्यातच घालवले होते.

चकती बदलल्यावर हाताकडे वळू. आपण कॅरम खेळला असाल, तर नवखा खेळाडू स्ट्रायकरला सगळा जोर देतो आणि मुरलेला खेळाडू सोंगटी पॉकेटात जाण्यापुरताच देतो, हे आपण पाहिलेच असेल. झाडीतही पूर्ण ताकदीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक जोर लावू नये. नवख्या खेळाडूची चकती सपाट मैदानात साधारण 40 ते 60 मीटर जाते. आखूड मैदानावरचे बरेच टप्पे याच्या थोडेच पुढे असतात, त्यामुळे दोन संयमी फेकींत बास्केटच्या जवळ पोहोचता येते. जोर वाढला की चकतीचे नाक, म्हणजे पुढची कड, वर जाते, सुटण्याची वेळ चुकते, आणि हातातून निघताना झालेली दोन-तीन अंशांची चूक वीस मीटरवर उभ्या असलेल्या खोडापर्यंत मीटरभराची होते.

फेकण्यापूर्वी बास्केटकडे पाहत उभे राहण्याची सवय सोडावी. झाडीत लक्ष्य बास्केट नसतेच. आपल्यापासून दहा-पंधरा मीटरवर दोन खोडांच्या मध्ये जी फट दिसते ती लक्ष्य असते. त्या फटीमागचे एखादे ठळक पान किंवा सालीवरचा डाग निवडावा व नजर तेथेच ठेवावी. माणूस ज्या झाडाला चुकवायचे म्हणून त्याकडे टक लावून पाहतो, हात नेमका त्याच झाडाकडे जातो; सायकल शिकताना रस्त्यातला एकमेव दगड हमखास चाकाखाली यायचा, तसेच काहीसे हे आहे. वरच्या फांद्यांचाही विचार करावा. ओकच्या फांद्या खाली झुकलेल्या आणि आडव्या पसरलेल्या असल्यामुळे आपल्या मैदानावर उंच फेक क्वचितच उपयोगी पडते. छातीच्या उंचीवरून सपाट सुटलेली चकती बरी. फट डावीकडे वळणारी असेल तर उजव्या हाताच्या नेहमीच्या फेकीला ती अनुकूल असते. वाट उजवीकडे वळत असेल तर फोरहँड शिकावा, म्हणजे मनगटाच्या झटक्याने, पाण्यावर चपटा दगड भाकऱ्या काढत जावा म्हणून फेकतो तशी फेक. तिच्यात चकती उलट फिरते आणि शेवटी उजवीकडे उतरते.

चकती झाडामागे अडकली की बहुतेकांचा तोल सुटतो, तो हातातला नव्हे तर मनातला. समोर वीतभर फट दिसते आणि तिच्यातून थेट बास्केट गाठण्याचा मोह होतो. पाच वेळा प्रयत्न केल्यास ती फट एकदा साधेल आणि उरलेल्या चार वेळा चकती आणखी आत जाईल. त्यापेक्षा एक फेक खर्चून आडवे, प्रसंगी मागेही, मोकळ्या वाटेवर यावे. तेथे गुडघा टेकून किंवा बाजूला झुकून फेकलेलेही चालते. गुणपत्रिकेवर त्या टप्प्याला चारचा आकडा येईल, परंतु सातचा येणार नाही, आणि नातू आपल्याला हरवणार असेलच तर तो थोड्या फरकाने हरवील.

एक इशारा वेगळा द्यावासा वाटतो. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या डोंगरपायथ्याशी पॉयझन ओक नावाचे झुडूप उगवते. नावात ओक असले तरी ते ओक नव्हे. आंबा, काजू आणि आपला बिब्बा यांच्या कुळातले ते आहे, आणि बिब्बा उततो तसेच त्याचे तेल अंगावर उतते. तीन-तीन पानांचा गुच्छ दिसला तर हात घालू नये. चकती त्यातून काढावीच लागली, तर घरी येताच हात आणि चकती दोन्ही साबणाने धुवावीत, कारण तेल चकतीवरूनही बोटांना लागते. त्या भागात रॅटलस्नेक जातीचे विषारी सापही असतात, म्हणून दाट झुडपात हात घालण्याआधी काठीने चाचपून पाहावे आणि नातवालाही तीच सवय लावावी.

प्रश्न : आमच्या गटात नियमांवरून नेहमी वाद होतो. चकती झाडावर अडकली, झाडीत हरवली किंवा समोर फांदी आडवी आली तर नेमके काय करायचे? (न्यू जर्सी)

उत्तर : चकती झाडावर अडकली व कोठे आहे ते दिसत असेल, तर तिच्या बरोबर खालची जमीन ही पुढील फेकीची जागा मानावी. दोन मीटरहून अधिक उंचीवर अडकल्यास एका फेकीचा दंड देण्याची तरतूद नियमांत आहे, परंतु स्पर्धेच्या संचालकाने आधी जाहीर केले असेल तरच ती लागू होते. मित्रमंडळींच्या खेळात ती विसरलेलीच बरी. शोध सुरू केल्यापासून तीन मिनिटांत चकती सापडली नाही तर ती हरवली असे धरावे, एका फेकीचा दंड घ्यावा आणि आधीच्या जागेवरून पुन्हा फेकावे. आडवी फांदी मोडणे, वाकवून बांधणे किंवा सहकाऱ्याला धरून ठेवायला सांगणे नियमबाह्य आहे. ती कमीत कमी हलेल असे उभे राहायचे आणि त्यातूनच वाट काढायची. बास्केटपासून 10 मीटरच्या आत आल्यावर फेकीनंतर तोल सांभाळून स्थिर झाल्याशिवाय पाय पुढे टाकू नये, हा नियम झाडीच्या मैदानांवर सर्रास मोडला जातो आणि वादही बहुधा त्यावरूनच होतात.

प्रश्न : अमेरिकेत भावाकडे गेले असता मी हा खेळ खेळले आणि मला तो फार आवडला. नाशिकला परतल्यावर तो बास्केटशिवाय खेळता येईल का? शिवाय झाडांना इजा होत नाही का, अशी शंका येते.

उत्तर : बास्केटशिवाय नक्कीच खेळता येईल, कारण सुरुवात तशीच झाली होती. आधीच्या हौशी खेळाडूंचे लक्ष्य एखादे झाड, दिव्याचा खांब किंवा कचऱ्याची टोपली असे, आणि वर उल्लेखिलेल्या ओक ग्रोव्हमध्येही आरंभी साधे खांबच होते. चकती खांबाला लागली की नाही यावर भांडणे होत. साखळ्यांचा पडदा आणि खाली जाळीची टोपली हा हेड्रिक यांनी काढलेला तोडगा होता, व त्याचे पेटंट त्यांना 1977 मध्ये मिळाले. चकती साखळ्यांना लागून टोपलीत पडते तेव्हा होणारा खणखणाट आपण ऐकला असेलच. खांबाला ती मजा नाही, हे कबूल करावे लागेल. आपण दोन बांबूंमध्ये जुनी चादर सैल टांगून खाली टोपली ठेवलीत, तर सरावापुरते काम भागेल.

जागा निवडताना मात्र आग्रही राहावे. डिस्क गोल्फची चकती मैदानी फ्रिस्बीहून लहान, आकाराच्या मानाने जड आणि कडेला टणक असते व डोक्यावर बसल्यास चांगलीच जखम करते. आपल्याकडच्या सार्वजनिक बागांत सकाळी फिरायला येणारे ज्येष्ठ, झोपाळ्यांवरची मुले आणि भेळवाले यांच्या मधून ती फेकण्याचा विचारही करू नये. संबंधित कार्यालयाची परवानगी घेऊन एखादा कडेचा, वर्दळ नसलेला तुकडा मिळाला तर तीन-चार टप्पे आखावेत. एका टप्प्याची फेक दुसऱ्याच्या वाटेवर पडणार नाही असे पाहावे, आणि समोर कोणी दिसले तर ती व्यक्ती निघून जाईपर्यंत थांबावे. बाग तिचीही आहे, आणि तिला आपला खेळ माहीत असण्याचे काहीच कारण नाही.

झाडांविषयीची आपली शंका खरी आहे. एकाच वाटेवर वर्षानुवर्षे चकत्या आपटत राहिल्या की कोवळ्या किंवा पातळ सालीच्या खोडांवर जखमा होतात. त्याहून न दिसणारे नुकसान जमिनीखाली होते, कारण सतत पाय पडून माती दबते आणि मुळांना हवा-पाणी कमी मिळते. जबाबदार मैदानांवर म्हणून बास्केटच्या जागा मधूनमधून बदलतात, वाटांवर लाकडाचा भुसा पसरतात आणि फेकीच्या तोंडावरच्या खोडांना संरक्षक आवरण लावतात. आपण तीन-चार टप्पेच आखणार असाल तर एवढा खटाटोप लागणार नाही; रोपे आणि पातळ सालीची झाडे वाटेत येऊ देऊ नयेत, जुनी चिंच किंवा आंबा यांसारख्या जाड सालीच्या झाडांमधून वाट काढावी, आणि दर पावसाळ्यात, माती ओली व मऊ असताना, त्या जागेला पूर्ण विश्रांती द्यावी. तेवढे चार महिने अंगणात चादरीवर पटिंगचा, म्हणजे जवळून टोपलीत टाकण्याचा, सराव करता येईल.