स्क्रीन काढू नका, आधी जॉब कार्ड हातात घ्या

नमस्कार दादा,

तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांना प्रकरण कळावं म्हणून आधी थोडक्यात मांडते. साताऱ्याच्या या वाचकांनी चौदा महिन्यांपूर्वी नवी हॅचबॅक घेतली, बेस मॉडेल, त्यात साधा रेडिओ. दिवाळीआधी पुण्यातल्या एका ॲसेसरीजच्या दुकानातून नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला, फिटिंगसकट १०,००० रुपये. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवून सांगितलेलं, 'एकही वायर कापणार नाही, कपलर टू कपलर बसतं, कंपनीच्या वॉरंटीला काही होत नाही.' तीन आठवड्यांत सकाळी बॅटरी उतरलेली सापडायला लागली, मग पॉवर विंडो आपोआप खाली जायला लागल्या, आणि एका रात्री पुण्याहून परत येताना शिरवळ ओलांडल्यावर चालत्या गाडीचे हेडलाइट गेले. मागच्या सीटवर आई आणि लेक. कुणाला काही झालं नाही हे फार मोठं. गाडी टो करून सर्व्हिस सेंटरला नेली, डॅशबोर्ड उघडला तर आतला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, कापून जोडलेला, आणि दिवे-काचा चालवणारं बॉडी कंट्रोल मॉड्यूल जळालेलं. एस्टिमेट ४८,०००. वॉरंटीत बसत नाही म्हणाले, वर तोंडी हेही सांगितलं की आता गाडीची सगळीच वॉरंटी संपली. दुकानदार म्हणतो चायना मालाला गॅरंटी नसते.

तुमचे प्रश्न तीन. कंपनीवर केस करू का, अमेरिकेतल्या चुलतभावाने सांगितलेला वॉरंटीचा कायदा इथे चालतो का, आणि मित्र म्हणतोय तसं स्क्रीन काढून जुना सेट परत बसवून गाडी दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला न्यावी का.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण तिथे घाई आहे. नाही, अजिबात नको. एक तर ते खोटं सांगणं आहे, आणि आजकाल गाडीची सगळी हिस्टरी कंपनीच्या सिस्टममध्ये असते, पहिल्या सेंटरने नोंद केलेली दुसऱ्याला दिसणारच. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आत्ता त्या डॅशबोर्डच्या मागेच आहे. तुमच्या हाताने तो काढलात की दुकानदाराचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल, की आम्ही बसवलेलं काम असंच होतं कशावरून, मधे कुणी कुणी हात घातला?

मागे एका अशिलाची गाडी उघडताना मी स्वतः शेजारी उभी होते म्हणून सांगते, हे जोड कसे दिसतात ते. प्लास्टिकचा पॅनेल निघाला तर आत वायरींचा गुंता, काळी इन्सुलेशन टेप उन्हाने आणि आतल्या गरमीने चिकट होऊन सुटलेली, बोटाला डिंक लागत होता, आणि पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळून एकाच जागी जोडलेली. या सेटला पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, घड्याळ आणि मेमरीसाठी, आणि लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा. ज्या फिटरला चावीवरचा सप्लाय सापडत नाही किंवा शोधायचा कंटाळा येतो तो दोन्ही एकत्र करून टाकतो, मग स्क्रीन काळी दिसते पण पूर्ण बंद कधी होतच नाही आणि रात्रभर बॅटरी खात बसते. सकाळी बॅटरी उतरण्याचं कारण बऱ्याचदा हेच. आणि नव्या गाड्यांत दिवे, काचा, लॉक हे सगळं त्या कंट्रोल मॉड्यूलमधून चालतं, त्यामुळे चुकीच्या वायरीत टॅप मारला किंवा फ्यूज न टाकता लाईन ओढली तर रेडिओच्या कामाचा फटका हेडलाइटला बसू शकतो. तुमच्या गाडीत नेमकं हेच झालं असं मी न बघता म्हणणार नाही, पण हार्नेस कापलेला आहे हे सर्व्हिस सेंटर सांगतंय आणि 'वायर कापणार नाही' हे दुकानदाराच्या आवाजात तुमच्या फोनमध्ये आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की केस उभी राहते.

आता कंपनीवर केस करायची का. दादा, तुमचा राग मला समजतो, पण इथे एक निवड करावी लागेल. कंपनीकडून ४८,००० मागायचे तर तुम्हाला म्हणावं लागेल की मॉड्यूल स्क्रीनमुळे जळालं नाही, आतच दोष होता. दुकानदाराकडून मागायचे तर म्हणावं लागेल की स्क्रीनमुळेच जळालं. एकाच तक्रारीत दोन्ही मागता येतं, पर्यायी मागणी म्हणून, पण ग्राहक आयोगासमोर दोन्ही बाजू लंगड्या होतात आणि ते दोघं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे होतात. मी तुमच्या जागी असते तर दुकानदाराला धरलं असतं. कारण ज्या जॉब कार्डमुळे, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदामुळे, तुमची वॉरंटी नाकारली गेली तेच जॉब कार्ड दुकानदाराविरुद्ध तुमचा सगळ्यात चांगला साक्षीदार आहे, आणि तो तिऱ्हाईत आहे.

अमेरिकेतला कायदा म्हणजे १९७५ चा मॅग्नसन मॉस कायदा, भावाने चुकीचं सांगितलं नाही पण तो तिकडचा, इकडे लागू नाही. आपल्याकडे वॉरंटी म्हणजे मुळात करार, तुमच्या वॉरंटी पुस्तिकेत काय छापलंय ते आधी बघायचं, आणि बहुतेक पुस्तिकांत बाहेरचा पार्ट लावल्याने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. पण 'त्यामुळे झालेलं नुकसान' वेगळं आणि 'सगळी वॉरंटी गेली' वेगळं. रेडिओ बदलला म्हणून उद्या गिअरबॉक्सची किंवा सस्पेन्शनची वॉरंटी नाकारणं टिकायला अवघड आहे. याला आधार म्हणून एक निकाल लक्षात ठेवा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता, त्यात एक निर्देश असा होता की बाहेरच्या मेकॅनिककडे काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. त्यावर पुढे अपिलं झाली, आणि तो आदेश ॲसेसरीजवर नव्हता, स्पेअर पार्ट आणि रिपेअरवर होता, त्यामुळे तो हातात धरून लगेच जिंकाल असं नाही, पण कंपनीला पत्र लिहिताना हे तत्त्व जरूर मांडा.

म्हणून सर्व्हिस सेंटरला आजच ईमेल करा, तोंडी काही नको. त्यात तीन गोष्टी लेखी मागा: कोणता पार्ट जळाला आणि त्यांच्या मते कशामुळे, कापलेल्या जोडांचे फोटो, आणि वॉरंटी नेमकी कुठल्या पार्टपुरती नाकारली, पुस्तिकेतल्या कुठल्या कलमाखाली. 'सगळी वॉरंटी गेली' हे लेखी द्यायची वेळ आली की बरेचदा भाषा बदलते. आणि तरीही त्यांनी तसं लेखी दिलंच, तर मात्र डीलर आणि कंपनीलाही तक्रारीत पक्षकार करू, पण ४८,००० साठी नाही, फक्त उरलेली वॉरंटी चालू ठेवावी एवढ्याच मागणीसाठी.

आता दुकानदार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ यात तुमच्या फार उपयोगाचा आहे, आणि हे लोकांना माहीतच नसतं म्हणून जरा थांबून सांगते. अशा सेटवर बनवणाऱ्याचं नावच नसतं, खोक्यावर नुसतं 'अँड्रॉइड प्लेयर' आणि इतके जीबी तितके जीबी. दुकानदार म्हणतो मी बनवला नाही, मी फक्त विकला. कायद्याचं कलम ८६ म्हणतं की उत्पादक कोण हे कळत नसेल, किंवा तो आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेर असेल, तर विकणाऱ्यावर उत्पादन दायित्व, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीची जबाबदारी, येऊ शकतं. त्याच कलमात असंही आहे की विक्रेत्याने स्वतःहून वेगळी हमी दिली आणि माल तसा निघाला नाही, आणि त्यामुळे नुकसान झालं, तरी तो जबाबदार. तुमची व्हॉइस नोट म्हणजे तीच हमी. फिटिंगचं काम खराब केलं ती सेवेतली त्रुटी, ती वेगळीच. म्हणजे 'चायना मालाला गॅरंटी नसते' हे वाक्य त्याला वाचवत नाही, उलट माल कुणाचा हे त्यालाच माहीत नाही याची ती कबुलीच झाली. अजून एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, या कायद्यात उत्पादन दायित्वाखाली खुद्द त्या वस्तूचं नुकसान धरत नाहीत, दुसऱ्या मालमत्तेचं धरतात, आणि इथे वस्तू म्हणजे स्क्रीन आणि दुसरी मालमत्ता म्हणजे तुमची गाडी. स्क्रीनचे १०,००० आपण सदोष माल आणि सेवेतली त्रुटी म्हणून मागू, गाडीचे ४८,००० या मार्गाने.

बिल नाही, नुसती 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी आहे, म्हणून तुम्ही घाबरलाय. घाबरू नका. यूपीआयने पैसे गेलेत, बँक स्टेटमेंट आहे, चॅट आहे, व्यवहार सिद्ध होतो. शिवाय बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून कायद्यात लिहिलंय, आणि सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं हेही. तुम्ही तिसऱ्या आठवड्यातच दुकानदाराला व्हॉट्सॲपवर बॅटरीचं कळवलं होतं ना, तो मेसेज सोन्यासारखा जपा. व्हॉइस नोट मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलू नका, फॉरमॅट तर मुळीच नको, आणि तक्रारीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडू, पूर्वी ६५ ब म्हणायचे तेच.

आधी नोटीस जाईल, स्पीड पोस्टाने, १५ दिवसांची मुदत. त्याचवेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फुकट आहे, काही वेळा दुकानदार तिथेच नरमतो. नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, आणि त्यासाठी पुण्याला हेलपाटे मारायची गरज नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे साताऱ्यातच दाखल करता येते, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही होते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. कंपनीला आणलं तर गाडीची किंमत धरली जाईल, तुमची ८ लाखांची आहे म्हणून २०० रुपये. मुदत दोन वर्षांची, पण तेवढं थांबू नका, पुरावा शिळा होतो. आयोग गरज पडली तर माल तपासणीला पाठवू शकतो, तो खर्च सुरुवातीला तुम्हाला भरावा लागेल. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिलेत, प्रत्यक्षात जास्त जातात हे धरूनच चला. दुकानदाराने दुरुस्तीचा खर्च आणि स्क्रीनचे पैसे द्यायची तयारी दाखवली तर लेखी तडजोड करा, मानसिक त्रासाच्या मोठ्या आकड्यासाठी ताणू नका, तिथे आयोग हात राखूनच देतं.

इन्शुरन्सचं तुम्ही विचारलं नाही, पण सांगायलाच हवं. साध्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन वगळलेला असतो, त्यामुळे या ४८,००० साठी तिकडे फार आशा नको. आग लागली असती तर गोष्ट वेगळी, आग पॉलिसीत येते. पण बाहेरून बसवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू पॉलिसीत दाखवलेली नसेल तर त्या वस्तूचे पैसे मिळत नाहीत, आणि ती कळवली नाही यावरून क्लेमला खोडा घातला जातो तो निराळाच. अशा वस्तूंसाठी पॉलिसीला आयएमटी २४ नावाची जोड असते, तिचा जादा हप्ता वस्तूच्या किमतीच्या ४ टक्के, म्हणजे १०,००० च्या सेटला वर्षाला ४०० रुपये. पुढे कुठलाही चांगला सेट लावलात तर जीएसटी बिल घ्या आणि हे करून घ्या. आरटीओच्या दंडाची भीती मात्र काढून टाका, रेडिओची नोंद आरसीत नसते.

मला पाठवायचं ते असं, चिठ्ठीचा फोटो, यूपीआयचा स्क्रीनशॉट, पूर्ण चॅट, टोचं बिल, जॉब कार्ड आणि एस्टिमेट, आणि स्क्रीनच्या खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो, कारण आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता खोक्यावर असायला हवा, असला तर त्यालाही पक्षकार करू, आणि नसला तर तोही मुद्दा.

सर्व्हिस सेंटर गाडी घेऊन जा म्हणत असेल तर मॉड्यूल बदलायच्या आधी उघड्या डॅशबोर्डचा सलग व्हिडिओ काढा, त्यात नंबर प्लेट आणि ओडोमीटर एकाच शॉटमध्ये आले पाहिजेत, मधे कट नको. जळालेलं मॉड्यूल आणि कापलेला हार्नेस बदलला तर जुना माल पिशवीत सील करून, त्यावर सर्व्हिस ॲडव्हायझरची सही आणि तारीख घेऊन स्वतःकडे ठेवा, त्यांच्याकडे सोडला तर स्क्रॅपमध्ये जातो. आणि दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवायला सांगा, घराखाली उभी करणार असाल तर तर नक्कीच, ते जोड अजून तसेच आहेत आणि त्यात चावी बंद असतानाही करंट असू शकतो.