रिबन माईकचा आवाज इतका बारीक का?

प्रश्न : मोडक्या हार्ड डिस्कमधली चुंबकं आणि स्वयंपाकघरातलं फॉइल वापरून मी रिबन माईक बनवला. वडिलांची पेटी रेकॉर्ड करायची आहे. पण आवाज फार बारीक येतो आणि मागे सतत घुंऽऽ असतं. – एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : रिबन माईकमध्ये चुंबकांच्या फटीत फॉइलची पातळ पट्टी (रिबन) टांगलेली असते; ती आवाजाने हलली की तिच्यात व्होल्टेज तयार होतो. म्हणून माझा पहिला संशय चुंबकांवर. हार्ड डिस्कमधल्या चुंबकाच्या एकाच तोंडावर अर्ध्या भागात उत्तर ध्रुव असतो, अर्ध्यात दक्षिण. पट्टीच्या वरच्या भागात तयार झालेला व्होल्टेज मग खालचा भाग खाऊन टाकतो. दुसरं छोटं चुंबक वरून सरकवून पाहा : एकीकडे ओढेल, दुसरीकडे ढकलेल. ते कापू मात्र नका. निओडायमियम तडकतं, त्याची पूड पेट घेते. एका तोंडावर एकच ध्रुव असलेली सरळ पट्टीचुंबकं आणा, विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवा, मध्ये ५-६ मिलिमीटर फट. आणि जोडणी अंबड-सातपूरच्या एखाद्या लेथ वर्कशॉपमध्ये करू नका. मी केली होती. फटीत शिरलेला लोखंडाचा कीस काढताना पट्टीच गेली.

घरातलं फॉइल १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढचं, चांगल्या माईकची पट्टी २ ते २.५ मायक्रॉनची. जड पट्टी आवाजाला फारशी हलत नाही. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतल्या छोट्या कागदी कपॅसिटरमध्ये पुष्कळ पातळ फॉइल मिळतं. पंख्याचा कपॅसिटर फोडू नका, त्यात बहुधा प्लॅस्टिकवर धातूचा नुसता मुलामा असतो. फॉइल दोन कागदांत धरून काचेवर नव्या ब्लेडने कापा, प्रिंटरच्या दोन दातेरी चाकांतून फिरवून चुण्या पाडा, आणि सैलसर बसवा. ताणलीत तर खर्ज गेला. पंखा बंद ठेवून बसा.

घुंऽऽ बहुतेक ट्रान्सफॉर्मरचं, म्हणजे पट्टीचा बारीक व्होल्टेज वाढवायला लावतात त्याचं. घरच्या विजेचे २३० व्होल्ट ६ वर आणणारा उलटा जोडला असेल तर गुणोत्तर साधारण १:३८, म्हणजे बरोबरच. पण पट्टीचा रोध जेमतेम ०.२ ओहम, त्या ट्रान्सफॉर्मरच्या ६ व्होल्टच्या वेटोळ्याचा त्याहून जास्त, म्हणून बराच सिग्नल तिथेच मुरतो. शिवाय तो आसपासच्या विजेची घुरघुर ओढून घेतो. रिबन माईकसाठीचाच ट्रान्सफॉर्मर घ्या, लोखंडी डबीत बंद करा. पट्टीपासून त्याच्यापर्यंतच्या तारा जाड, आखूड, पीळ दिलेल्या.

हा माईक पुढून-मागून सारखं ऐकतो, बाजूंनी बहिरा. त्यामुळे बाजू रस्त्याकडे करा. पेटीपासून दोन फूट लांब, वादकाच्या बाजूने, सुरांच्या वर टांगा. भात्याच्या बाजूला नको, तिथल्या वाऱ्याने पट्टी लवते.