तालुका कोर्टात दावा हरलो. आता थेट कोल्हापूरच्या हायकोर्टात जाता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यात वडिलोपार्जित शेत आहे, शेजाऱ्याने बांध कोरून काही गुंठे दाबले, तुम्ही तालुक्याच्या कोर्टात कब्जासाठी दावा लावला आणि तो फेटाळला गेला. भावकीतले म्हणतात, हायकोर्ट आता कोल्हापुरातच आलंय, मग जिल्ह्याला कशाला वेळ घालवायचा? शिवाय तुम्ही विचारलंय की वरचं कोर्ट खालच्या न्यायाधीशाला निकाल बदलायला लावू शकतं का, आणि कोणत्या कोर्टाला नेमके किती अधिकार असतात.

थेट जाता येणार नाही. तुमचं पहिलं अपील जिल्हा न्यायालयातच. मुंबई हायकोर्टाचं कोल्हापुरात बसणारं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथे गेली, हे खरं. त्यासाठी इथल्या वकिलांनी वर्षानुवर्षं आंदोलन केलं, मीही त्यात होतो. पण त्याने मुंबईची खेप वाचली, पायऱ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

तालुक्याला बसतात ते दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. बहुतेक ठिकाणी तेच प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात, त्यामुळे एकाच दिवसाच्या बोर्डावर तुमचा बांधाचा दावा आणि कोणाचा तरी चेक बाउन्स शेजारी शेजारी. दंडाधिकारी म्हणून त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद देता येते. दिवाणी बाजूला कनिष्ठ स्तराला दाव्याच्या रकमेची मर्यादा असते, वरिष्ठ स्तराला ती नाही. वरिष्ठ स्तराकडचा दावा ठरावीक रकमेच्या वरचा असेल तर त्याचं पहिलं अपील मात्र थेट हायकोर्टात जातं. तुमच्या भावकीने असंच एखादं प्रकरण ऐकलं असावं. या दोघांच्या वर जिल्हा न्यायाधीश, आणि फौजदारी कामात तेच सत्र न्यायाधीश. ते फाशीसुद्धा सुनावू शकतात, पण हायकोर्टाने ती कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते. माझी सगळी वकिली दिवाणी, त्यातही जमिनीची, आणि पक्षकाराला हे पटवताना माझा घसा बसतो: वर जाल तसा कोर्टाचा मान वाढतो, पण तुमच्या शेताबद्दल ऐकून घेण्याची त्याची मुभा कमी होत जाते. कोणी कधी बांध कोरला, किती कोरला, कब्जा कोणाचा, हे ठरतं तालुक्याला. जिल्हा न्यायालय तोच पुरावा पुन्हा पहिल्यापासून तपासू शकतं आणि वेगळा निष्कर्ष काढू शकतं. त्यापुढे हायकोर्टात जे दुसरं अपील जातं, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली, आणि तिथे कायद्याचा ठोस प्रश्न दाखवावा लागतो. 'साक्षीदार खोटं बोलला' हा कायद्याचा प्रश्न होत नाही. दोन्ही कोर्टांनी वस्तुस्थितीवर एकच मत दिलं असेल तर बहुतेक दुसरी अपिलं दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपतात.

म्हणून जिल्हा न्यायालय टाळण्याची भाषा करू नका. तुमचं गाऱ्हाणं पूर्ण ऐकणारं शेवटचं कोर्ट तेच आहे.

बांधाच्या दाव्यांत नेहमी दिसतं ते सांगतो, निकालपत्रात असंच काही आहे का पाहा. फायलीत भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा असतो, त्यात अतिक्रमणाचा तुकडा स्वच्छ दाखवलेला असतो आणि वादीला वाटतं एवढं पुरे. पण ज्याने मोजणी केली त्या भूकरमापकाला साक्षीला बोलावलेलंच नसतं. मग शेजाऱ्याला मोजणीची नोटीस मिळाली होती का, मोजणी कोणत्या खुणेपासून धरली, जुन्या टिपणाशी, म्हणजे मूळ मोजणीच्या नोंदीशी, ताळा घेतला का, हे त्याला कोणी विचारलेलं नसतं. नकाशाला निशाणी पडते, म्हणजे कोर्टाच्या कागदांत क्रमांक मिळतो, पण तो शाबीत होत नाही, आणि दावा तिथेच बसतो. असं झालं असेल तर अपिलात कोर्ट कमिशन (कोर्टाने मोजणीसाठी नेमलेला अधिकारी) नेमून दोन्ही गटांची एकत्र मोजणी करून मागा. हद्दीच्या वादात अशी मोजणी व्हावी असं मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटलंय. अपिलात नवा पुरावा सहज येत नाही, तो आधी का दिला नाही याचं कारण द्यावं लागतं. पण जिल्ह्याला निदान मागता येतो. दुसऱ्या अपिलात त्याची आशा फारशी धरू नका. आणि सातबाऱ्यावर भिस्त ठेवू नका, महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही.

हायकोर्ट खालच्या न्यायाधीशाला 'असा निकाल द्या' असा फोन करत नाही, आणि तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. हायकोर्ट निकाल रद्द करू शकतं, फिरवू शकतं, पुन्हा चौकशीसाठी खाली पाठवू शकतं, प्रकरण अमुक महिन्यांत संपवा असं सांगू शकतं, एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात वर्ग करू शकतं. राज्यघटनेच्या कलम २२७ खाली खालच्या कोर्टांवर देखरेखही त्याचीच. निशाणी ५ चा, म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा अर्ज नामंजूर झाला आणि त्यावरचं जिल्ह्याचं अपीलही गेलं, की लोक कलम २२७ खालीच हायकोर्टात जातात. खालच्या न्यायाधीशांच्या बदल्या, बढत्या, शिस्तभंग हेही कलम २३५ प्रमाणे हायकोर्टाच्या हातात, सरकारच्या नाही. माझ्या मते संपूर्ण रचनेतली ही सर्वांत महत्त्वाची तरतूद आहे, कारण तालुक्याचा न्यायाधीश सरकारविरुद्ध निकाल देऊ शकतो तो तिच्या जोरावर.

खालच्या कोर्टाला कायदा घटनाबाह्य ठरवता येत नाही, ते काम हायकोर्टाचं आणि सुप्रीम कोर्टाचं. रिट, म्हणजे हक्क राखण्यासाठी हायकोर्ट किंवा सुप्रीम कोर्ट देतं तो आदेश, त्याच्या बाबतीत एक गंमत आहे. हायकोर्टाचं कलम २२६ सुप्रीम कोर्टाच्या कलम ३२ पेक्षा रुंद आहे. कलम ३२ ला मूलभूत हक्काचा भंग लागतो, २२६ खाली इतर कायदेशीर हक्कासाठीही दार वाजवता येतं. पण शेजाऱ्याने बांध कोरला यासाठी रिट नाही, ती मुख्यतः सरकार आणि सरकारी यंत्रणेविरुद्ध.

दिल्लीचं विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण 'सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊ' हे वाक्य गावात फार स्वस्त झालंय. तिथे कलम १३६ खाली विशेष अनुमती याचिका करावी लागते. नावातच आहे, आधी परवानगी. ती देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर, आणि बऱ्याच याचिका पहिल्याच सुनावणीत एका ओळीत फेटाळल्या जातात. पहिल्याच पायरीला दिल्लीत दावा लावता येतो तो राज्यांना, कलम १३१ खाली. महाराष्ट्राने २००४ साली कर्नाटकाविरुद्ध सीमाप्रश्नाचा दावा तसाच लावलाय आणि बेळगावचे लोक त्याकडे डोळे लावून आहेत.

तुमच्यापुरतं काम एवढंच: निकाल आणि हुकूमनामा (निकालावरून निघणारी डिक्री), दोन्हींच्या सहीशिक्क्याच्या नकला मागण्यासाठी नक्कल अर्ज लगेच द्या. जिल्ह्याच्या अपिलाला मुदत तीस दिवसांची. नकला मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण अर्ज दिल्यापासूनचे, त्याआधी घरी बसून काढलेले नाहीत. अपिलासोबत मनाईचा अर्ज वेगळा द्या, कारण नुसतं अपील दाखल केल्याने शेजारी आणखी एक सरी पुढे सरकायचा थांबत नाही. निकालाची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. तीस दिवस उलटून गेले असतील तर विलंब माफीचा अर्जही जोडावा लागेल, आणि त्यात दवाखान्याचे कागद वगैरे जे खरं कारण असेल ते पुराव्यासह लिहा. 'कायद्याचं ज्ञान नव्हतं' एवढ्यावर भागत नाही.